आजेसासऱ्यांची फुलदाणी नक्की किती जुनी? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या घरी माजघराच्या फडताळात एक चिनी फुलदाणी आहे. हातभर उंच, पांढऱ्यावर गुलाबी-हिरवी फुलं आणि पक्षी, तळाला निळ्या रंगात सहा चिनी अक्षरं. आजेसासरे बोटीवर कामाला होते, त्यांनी आणली असं सासूबाई सांगायच्या. मे महिन्यात मुंबईचे एक गृहस्थ आले, अक्षरांचा फोटो काढून म्हणाले ही मिंग काळातली, पाचशे वर्षं जुनी, विकायची तर आम्हालाच द्या. पुतण्याने मोबाईलवर बघितलं तर तश्शाच नव्या फुलदाण्या विकायला आहेत. तो म्हणतो मी मस्कतला नेऊन दाखवतो. काय करू?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, आधी ती फुलदाणी कुणालाच देऊ नका, आणि ब्रासो, लिंबू, राख असलं काही लावून घासू पण नका.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत अक्षरं नीट दिसतायत. उजवीकडच्या ओळीपासून वरून खाली वाचायचं, 'दा मिंग चेंगहुआ निएन झी', म्हणजे महान मिंग राजवटीत चेंगहुआ बादशहाच्या काळात बनवलेलं. हा बादशहा १४६५ ते १४८७ चा, म्हणून त्या गृहस्थांनी पाचशे वर्षं सांगितली. पण तुमच्या फुलांचा गुलाबी रंग बघा. हा अपारदर्शक गुलाबी चिनी भांड्यांवर आला साधारण १७२० च्या आसपास, त्यात सोन्याचा अंश असतो, आणि चेंगहुआच्या कारागिरांकडे हा रंग नव्हताच. म्हणजे मिंगचा प्रश्न तिथेच मिटला.

पण म्हणून ती नकली असंही लगेच समजू नका, इथेच लोक फसतात. चिनी कुंभारच जुन्या बादशहांची नावं मानाने आपल्या भांड्यांवर लिहायचे. त्यात १६७७ मध्ये जिंगदेझेनच्या, म्हणजे चीनमधल्या भांडी बनवणाऱ्या मोठ्या गावाच्या, अधिकाऱ्याने हुकूम काढला की चालू बादशहाचं नाव भांड्यावर घालायचं नाही, भांडं फुटलं तर नावाचा अपमान होतो, मग कुंभारांनी मिंगची नावं घातली, किंवा नुसतं दुहेरी वर्तुळ काढून आत मोकळं सोडलं. त्यामुळे तळाला चेंगहुआचं नाव असलेलं भांडं खरोखर तीनशे वर्षांचं असू शकतं, सव्वाशे वर्षांचं असू शकतं आणि मागच्या वर्षीचंही असू शकतं. मी तर अक्षरं सगळ्यात शेवटी वाचतो.

मग बघायचं काय, तर बूड. पलंगावर जाड गोधडी घाला, फुलदाणी दोन्ही हातांनी पोटाला धरून आडवी करा (गळ्याला धरून उचलू नका, जुनी डागडुजी असली तर गळाच हातात येतो) आणि ज्या गोल कडेवर ती उभी राहते तिथे झिलई नसते, माती उघडी असते, ती नीट बघा. झिलई संपते आणि माती सुरू होते तिथे बऱ्याच जुन्या भांड्यांना बारीक नारिंगी-तपकिरी रेघ दिसते, ती मातीतल्या लोखंडामुळे भट्टीत येते. बोट फिरवा, शंभर वर्षं फळीवर सरकलेली कड हाताला गुळगुळीत लागते आणि मळ मातीच्या बारीक छिद्रांत बसलेला असतो. नव्या नकलेची कड पांढरीफेक आणि खरखरीत असते, नाहीतर चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखी सगळीकडून एकसारखी तपकिरी. कोमट पाण्यात ओला केलेला कापूस फक्त या उघड्या कडेवरून फिरवा, फुलांवरून अजिबात नाही. तपकिरी रंग भराभरा कापसावर आला तर तो मुद्दाम लावलाय.

नंतर झीज बघा. आपल्या घरांचा उंबरा मधोमध झिजतो ना, कारण पाय तिथेच पडतो, तसंच इथे. कडा, उंचवटे, हात लागतो ती बाजू, इथला रंग आणि सोनेरी रेघा आधी जायला पाहिजेत. मी स्वतः बरीच वर्षं झाली, मुंबईत एका दुकानातून जुनी म्हणून बशी घेतली, घरी येऊन भिंगाखाली धरली तर सगळे ओरखडे एकाच दिशेने, जिथे चमचा कधी पोचणार नाही अशा खालच्या बाजूलाही तेवढेच. पॉलिश पेपरने घासलेली होती. त्या बशीचं मला फार वाईट वाटलं, पण तेव्हापासून दहा पट मोठं दिसणारं भिंग मी कायम खिशात ठेवतो.

भिंगातून फुलंही बघा. कुंचल्याने काढलेल्या पाकळीत रंग एकीकडे दाट एकीकडे पातळ असतो, दोन पाकळ्या तंतोतंत सारख्या नसतात. छापील चिकटचित्र असेल तर बारीक ठिपक्यांची जाळी दिसते, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखी, आणि अशी जाळी दिसली की विषय संपला. उलट ठिपके नाहीत म्हणून जुनी असं मात्र नाही, जिंगदेझेनमध्ये आजही उत्तम हाताने रंगवणारे कारागीर आहेत. जुन्या निळ्या-हिरव्या रंगाभोवती उजेडात तिरकं धरल्यावर तेलाच्या तवंगासारखी हलकी सप्तरंगी झाक कधीकधी दिसते, ती दिसली तर आशा वाढते.

तुम्ही पाठवलेल्या बुडाच्या फोटोत कड झिजलेली आणि ती नारिंगी रेघ मला दिसतेय, वरच्या काठावरचं सोनंही हात लागतो तिथेच गेलंय. माझं मत, एकोणिसाव्या शतकाचा शेवट किंवा विसाव्याची सुरुवात, म्हणजे आजेसासऱ्यांच्या गोष्टीशी हे छान जुळतं. पाचशे वर्षं नाही, पण वस्तू खरी वाटते आणि घरची आहे. नक्की करायचं तर ती जाणकाराच्या हातात जायला हवी, फोटोवर किंमत कुणी सांगितली तर मानू नका.

मस्कतचं मात्र पुतण्याला आत्ताच थांबवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची अशी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती चीनमध्ये बनलेली का असेना. शंभरच्या आतली असेल तरी विमानतळावर अडायला नको म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्यावा लागतो. त्यापेक्षा पुतण्या सुट्टीत आला की दोघं मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा, टाटांच्या संग्रहातली चिनी भांडी तिथे आहेत, तासभर नुसतं बघत उभं राहिलात तरी डोळा तयार व्हायला लागतो.

प्रश्न : रेवदंड्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे तुकडे मिळतात. मुलाने डबाभर जमवलेत. हे चिनीच का?
– एक वाचक, रेवदंडा

उत्तर : काही नक्की असू शकतात. पोर्तुगीज तुमच्याकडे १५२१ पासून १७४० पर्यंत होते, १५५७ ला ते मकावला स्थिरावले आणि चिनी माल मकावहून गोव्याला, तिथून पुढे किनाऱ्याने फिरत राहिला. पण इंग्रजी छापील बशाही पुढे घरोघरी आल्या आणि फुटल्या, त्यांचेही तुकडे निळे-पांढरेच.

ओळखायचं फुटलेल्या कडेवरून. चिनी पोर्सेलिनची कड काचेसारखी घट्ट, त्यावर पाण्याचा थेंब तसाच बसून राहतो. इंग्रजी बशी बहुतेक भुसभुशीत मातीची, थेंब आत शोषला जातो. पातळ तुकडा टॉर्चसमोर धरा, उजेड आरपार दिसला तर पोर्सेलिन. पोर्सेलिन नंतर इतर देशांतही बनायला लागलं, म्हणून मग चित्र बघा. काठाला चौकटी-चौकटी पाडून त्यात फुलं-चिन्हं काढलेला निळा तुकडा मिळाला तर तो मिंग राजवटीतल्या वान्ली बादशहाच्या काळातल्या, म्हणजे १५७३ ते १६२० च्या निर्यातीच्या ताटाचा असू शकतो, तो वेगळा ठेवा.

मुलाला सांगा, प्रत्येक तुकडा कुठे आणि कधी मिळाला त्याची चिठ्ठी बरोबर ठेव, जागा कळली नाही तर अभ्यासकाला त्या तुकड्याचा उपयोग निम्मा होतो. किल्ल्याच्या तटाजवळ किंवा आत मात्र उकरायचं नाही, उचलायचं नाही. तिथे काही दिसलं तर फोटो काढून पुरातत्त्व खात्याला कळवा.

प्रश्न : आजीची लोणच्याची बरणी, वर चॉकलेटी खाली पांढरट. चिनी मातीची म्हणजे चीनची का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : नाही. 'चिनी माती' हा आपल्याकडे प्रकाराला पडलेला शब्द, अशा दुरंगी बरण्या भारतातल्या कारखान्यांत बनल्यात आणि अजून बनतात. तडा गेला नसेल तर स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून यंदाचा आंबा तिच्यातच घाला.