वाळवंटी फर्न पावसात का सडतो?

प्रश्न: कुंडीतला चायलँथिस फर्न पावसाळ्यात मधोमध काळा पडतो. उपाय काय? – एक वाचक, फोंडा

उत्तर: त्याच्या पानांवरची लव आणि खवले कोरड्या हवेत ओल जपतात. गोव्याच्या पावसात तीच लव पाणी धरते आणि खोड कुजते. म्हणून मेअखेर कुंडी बाल्कांवात (घराच्या दर्शनी ओसरीत), पागोळ्यांपासून दूर, पण वारा खेळेल अशा उजेडात हलवा. बंद खोलीत तर मुळीच नको. मिश्रण 2 भाग भरड रेती, 1 भाग विटांचे बारीक तुकडे, 1 भाग पानांचे खत. खोड पुरू नका, वर टेकवून खड्यांनी अडकवा. पाणी कडेने घाला. उन्हाळ्यात पाने गुंडाळली म्हणून कृपया कापू नका, पाणी मिळाले की बहुधा पुन्हा उलगडतात. मऊ, काळी पडलेलीच छाटा.