घराजवळची नोकरी कुणाच्या सोयीची?

प्रश्न : माझी मुलगी यंदा संगणकशास्त्रात पदवीधर झाली. दोन ठिकाणी निवड झाली आहे. एक नोकरी घरापासून वीस मिनिटांवर, पण डेटा एन्ट्रीची. दुसरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, पगार दीडपट, पण जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. थोरला मुलगा रोज त्याच भागात जातो, त्यामुळे प्रवासाची मला कल्पना आहे. मुलीला एवढी दगदग झेपणार नाही, आणि लग्नानंतर सगळं बदलणारच. पगार काय, पुढे वाढेलच. घराजवळ चांगली नोकरी मिळेल असा कोर्स किंवा परीक्षा सुचवावी. – एक पालक

उत्तर : थोरल्या मुलासाठी असं पत्र तुम्ही कधी लिहिलंत का? रस्ता तोच, वेळ तेवढाच. तो गेला तर कर्तबगार, आणि ती निघाली की तिला झेपणार नाही! शिवाय तिला स्वतःला कोणती नोकरी हवी आहे, हे पत्रभर शोधूनही मला सापडलं नाही. मला प्रवासापेक्षा याचीच जास्त चिंता वाटते.

काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. रात्री सुटायला उशीर होतो का, शेवटचा टप्पा कसा आहे, हे प्रश्न रास्तच आहेत. पण त्यांची उत्तरं चौकशी करून मिळतात. ‘झेपणार नाही’ हा मात्र चौकशीआधीच दिलेला निकाल झाला.

परीक्षांचं म्हणाल तर बँकेच्या, सरकारी भरतीच्या जरूर द्याव्यात. फक्त तिथे बदल्या असतात, घराजवळची नेमणूक कुणी लिहून देत नाही.

आता ‘पगार पुढे वाढेलच’ याबद्दल. वाढतो, पण कशावर? पुढची कंपनी आधी काय काम केलंत ते विचारते, बहुतेकदा आधीचा पगारही विचारते आणि त्यावर काही टक्के चढवते. दोन वर्षं डेटा एन्ट्री केलेली मुलगी टेस्टिंगच्या मुलाखतीला गेली तर तिला नवखीच धरतात. म्हणजे सुरुवातीची तफावत तिच्याबरोबर पुढे चालत राहते. फ्रान्समधल्या बेरोजगारांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी प्रवासाची किंमत बायका पुरुषांपेक्षा सुमारे २० टक्के जास्त लावतात, म्हणजे त्यासाठी जास्त पगार सोडायला तयार असतात, असं त्यात दिसलं. पूर्वीची नोकरी वगैरे सारखं धरूनही नव्याने लागलेल्या बायकांचा प्रवास १२ टक्के कमी होता आणि तासाचा पगार ४ टक्के कमी. लांबच्या कंपन्या बायकांना घ्यायला नाखूश असतात, असंही आढळलं नाही. असं सगळं सारखं धरूनही पगारात उरणाऱ्या फरकापैकी साधारण १४ टक्के भाग या प्रवासाच्या हिशेबातून येतो, असा संशोधकांचा अंदाज. बाकीच्याला दुसरी कारणं आहेत. सगळं खापर प्रवासावर फोडू नये.

लग्नाचं म्हणता, तर ब्रिटनमधल्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संशोधन संस्थेने २०१८ मध्ये दाखवलं होतं, की पहिलं मूल झाल्यावर पुढच्या दहाएक वर्षांत स्त्री-पुरुषांच्या प्रवासातला फरक हळूहळू रुंदावत जातो. घर आणि मूल सांभाळायचं काम कुणाच्या गळ्यात पडतं, ते उघड आहे. तुमच्या मुलीच्या गळ्यात आज यातलं काहीच नाही. जो संसार अजून मांडलेलाच नाही, त्याच्यासाठी आत्ताच पगार कापून घ्यायचा?

हिशेबच करायचा तर नीट करू. दोन्हीकडे आठ तासांचं काम धरलं, तर प्रवासासकट जवळच्या नोकरीला रोज आठ तास चाळीस मिनिटं जातात, लांबच्या नोकरीला साडेदहा तास. वेळ सुमारे सव्वापटीच्या आतच वाढतो, पगार दीडपट होतो. प्रवासाचे तास मोजूनही तासाची कमाई जवळजवळ पाव हिश्शाने जास्त पडते. त्यातून प्रवासखर्च वजा करा. थकवा या हिशेबात बसत नाही, म्हणून तो किती सोसायचा हे तिनेच ठरवावं.

होकार कळवण्याआधी तिने स्वतः एचआरला फोन करून विचारावं : कंपनीची बस आहे का, तासभर लवकर येऊन लवकर निघता येईल का, प्रशिक्षण संपल्यावर आठवड्यातून किती दिवस घरून काम चालेल? ऑफिस सुटायच्या वेळेला एकदा तो प्रवास तिने करून पाहावा, भावाबरोबर गेली तरी चालेल. एवढं करूनही तिला जवळचीच नोकरी हवीशी वाटली, तर माझी हरकत नाही. मात्र तिथे राहून टेस्टिंगचं काम शिकत राहावं लागेल, आणि त्यासाठी कोणता कोर्स घ्यायचा ते मी तिलाच सांगेन. तिचं पत्र येऊ द्या.