डोंगर उघडा पडला, खाचर का बिघडले?

प्रश्न (शहापूर तालुका) : आमची भातखाचरे डोंगराच्या पायथ्याशी आहेत. वरची झाडे काही वर्षांपूर्वी तुटली, आता दर उन्हाळ्यात वणवाही लागतो. पहिल्या पावसाळ्यात भात जोमात आले, नंतर उतरत गेले. आता खाचरात रेती येते, पाणी टिकत नाही. युरिया वाढवला तरी फरक नाही. वणव्याची राख खत म्हणून उपयोगी पडत नाही का?

उत्तर : पहिल्या वर्षीचा जोम राखेचा आणि वाहून आलेल्या मऊ मातीचाच होता. राखेत पालाश (पोटॅश) आणि चुना असतो, त्यामुळे आपल्या आम्लधर्मी मातीची आम्लता थोडे दिवस कमी होते. पण पालापाचोळ्यातला बराचसा नत्र (नायट्रोजन) धुरात जातो आणि उरलेली राख जूनच्या पहिल्या सरींत ओढ्याला लागते. म्हणजे तुम्ही डोंगराची ठेव मोडून एक वर्ष खाल्ली.

ऐन, साग, धावड्याचा पाचोळा जमिनीवर असेपर्यंत पावसाचा थेंब थेट मातीवर आपटत नाही. पाचोळ्यावर गांडुळे, बुरशी, जिवाणू जगतात. त्यांच्यामुळे मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, पाणी मुरते. झाडे तुटली, त्यावर गुरांची वर्दळ झाली, की माती दबते आणि पाणी मुरण्याऐवजी धावते. आधी बारीक, सुपीक माती खाली येते. ती संपली की रेती आणि मुरूम. तुमचे खाचर आता या दुसऱ्या टप्प्यावर आहे. अशा भरड मातीत युरिया टाकणे म्हणजे निम्मा ओहळाला देणे. तो वाढवू नका.

खाचरातला रेतीचा थर वेगळा दिसत असेल तर नांगरण्यापूर्वी खरवडून बांधाला लावा. बांधांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. ते वाढले की लावणीच्या आठवडाभर आधी त्याचा ओला पाला गुंठ्याला 30 किलोपर्यंत चिखलात गाडा. तोवर ताग किंवा धैंचा ही हिरवळीची खते चालतील. नत्र युरिया-डीएपीच्या गोळ्यांतून दिले तर वाहून जाणे बरेच कमी होते.

खरे काम मात्र वर आहे. तुमच्या वरकस (उताराच्या, बिनखाचराच्या) जमिनीत समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीतले चर, काढा, ओहळात दगडी बांध घाला. सुरुवात माथ्याकडून, पायथ्याकडून नव्हे. राखीव वनात परस्पर खोदकाम करू नका, ते काम वन व्यवस्थापन समितीमार्फत वनविभागाकडून करून घ्या. वणवा लावणे हा 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे, हे गुरे चारणाऱ्यांनाही सांगा.

माती परीक्षणासाठी दोन नमुने वेगळे द्या : एक पाणी शिरते त्या कोपऱ्यातला, दुसरा खाचराच्या मधला. एकत्र केलेत तर बिघाड झाकला जाईल. कापणीनंतर, 15 ते 20 सेंमी खोलीपर्यंतची माती घ्या. कोकणात सेंद्रिय कर्बाचा आकडा बऱ्याचदा बरा येतो, त्यावर हुरळू नका; स्फुरद (फॉस्फरस) पाहा. इथल्या मातीतले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, पिकाला मिळू देत नाहीत.

प्रश्न (मुरबाड तालुका) : राब भाजणे (रोपे करायच्या जागेवर टहाळ-पाला जाळणे) बंद केले तर रोपे कशी येणार?

उत्तर : येतात. राबाने तण मरते हे खरे, पण त्यासाठी दरवर्षी झाडांचे टहाळ तोडावे लागतात आणि जंगलाचे नुकसान तिथूनच सुरू होते. गादीवाफा करा, त्यात कुजलेले शेणखत मिसळा, बी ओळीत पेरा, तण हाताने काढा. मजुरी थोडी वाढेल. पहिल्या वर्षी निम्माच राब सोडून पाहा, दोन्ही रोपे शेजारी ठेवून ताडता येतील.