पॉवर शॉवरला गार पाणी जोरात येतं, पण गरम पाण्याची धार बारीक. पंप बदलावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ जुनं घर घेतलंय, वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये पॉवर शॉवर आहे. गार पाणी फटकारे मारत येतं. नॉब गरमकडे नेला की धार करंगळीएवढी होते, मधूनच फुरफुरते, पंपाचा आवाज मात्र चढतो. प्लंबर म्हणाला पंप गेला, नवा टाका. टाकू का?

इतक्यात टाकू नका. आम्ही टाकला होता. पश्चिम लंडनमधलं १९३० च्या दशकातलं आमचं घर, आणि तक्रार अगदी हीच. जास्त ताकदीचा नवा पंप बसवला, पैसे गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गरम पाण्याची धार होती तेवढीच. आवाज तेवढा वाढला होता. खरा दोष पंपापासून चार हातांवर, कपाटातल्या एका लाल चाकाखाली होता. त्याच्याकडे येतेच.

आधी तुमचा शॉवर खरंच पॉवर शॉवर आहे ना, एवढी खात्री करा. भिंतीवर तसाच पांढरा डबा असलेला इलेक्ट्रिक शॉवरही इथे घरोघरी असतो. तो रस्त्यावरच्या लाइनचं गार पाणी स्वतःच तापवतो, त्यामुळे जास्त गरम हवं तर धार कमी होणारच, थंडीत तर फारच. तो बिघाड नव्हे. बॉयलर आणि इमर्शन हीटर (साठवलेलं पाणी तापवणारी विजेची कांडी) बंद ठेवून साठवलेलं पाणी गार झालं, तरी शॉवरला गरम पाणी येत असेल तर तो इलेक्ट्रिक शॉवर समजा. पॉवर शॉवर पाणी तापवत नाही. गरम आणि गार असं दोन्ही पाणी ओढतो, मिसळतो आणि फेकतो.

पुढचं समजायला आपल्याकडची गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. सोसायटीत सगळ्यांत वरच्या मजल्यावरच्यांच्या नळाला जोर का नसतो? टाकी अगदी डोक्यावर असते म्हणून. पाण्याला जोर येतो तो उंचीचा, दर मीटरला साधारण ०.१ बार. इथल्या जुन्या घरांत टाकी माळ्यावर, म्हणजे लॉफ्टमध्ये, आणि बाथरूम लगेच त्याखाली. टाकी आणि शॉवरचं तोंड यांत मीटर-दीड मीटरचा फरक असला तर असला. एवढ्या जोरावर धड अंघोळ होत नाही, म्हणून पंप.

पण पंपाच्या तोंडाशी जेवढं पाणी येईल तेवढंच तो पुढे फेकणार. गार पाण्याचा रस्ता सरळ आहे: टाकी, पाइप, पंप. गरम पाण्याला वळसा पडतो. टाकीतलं पाणी आधी एअरिंग कपबोर्डमधल्या, म्हणजे कपडे सुकवायच्या उबदार कपाटातल्या, तांब्याच्या सिलिंडरच्या बुडाशी उतरतं, तिथलं तापलेलं पाणी वर ढकलतं, आणि ते माथ्यावरच्या पाइपने शॉवरकडे निघतं. रस्ता लांब, वाटेत व्हॉल्व्ह जास्त, आणि उष्णतेने क्षार धरतो तोही याच बाजूला. तुमच्या भागातलं पाणी जड आहे, आमच्यासारखंच. किटलीच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच या पाइपांत आणि व्हॉल्व्हमध्येही बसतो. तुमची मोटर गार पाणी नीट फेकते आहे, म्हणजे ती चांगली आहे. गरम बाजूने तिच्यापर्यंत पाणीच पोचत नाहीये.

आता एक बादली घ्या. माझी आई सांगलीहून जानेवारीत आली होती. शॉवरची ती धार बघून म्हणाली, "मला आपली बादली दे भरून." त्या बादलीनेच आमचा उलगडा झाला. शॉवर बंद ठेवा. बाथटबचा गरम नळ पूर्ण उघडा, खाली दहा लिटरची बादली ठेवा आणि घड्याळ लावा. टबच्या नळाला सहसा पंप नसतो, पाणी निव्वळ उंचीच्या जोरावर येतं, त्यामुळे त्याची साक्ष खरी. सगळं ठीक असेल तर बादली मिनिटभरात भरायला हवी. आमच्याकडे तीन मिनिटं झाली तरी पाणी काठाला लागलं नव्हतं. आई बाहेरून विचारत होती, झालं का, आणि मी आत घड्याळाकडे बघत बसले होते.

टबचा गरम नळही असा मरगळलेला निघाला, तर दोष नळ आणि शॉवर यांच्या सामायिक रस्त्यात आहे: लॉफ्टची टाकी, सिलिंडरला जाणारा पाइप किंवा सिलिंडर. नळ जोरात आणि शॉवरच ढिला असेल, तर दोष शॉवरकडे जाणाऱ्या फाट्यात. हे कळल्याशिवाय पाना उचलायचा नाही, आणि प्लंबरलाही उचलू द्यायचा नाही.

आमचा दोष सामायिक रस्त्यात होता. सिलिंडरच्या बुडाशी जो गार पाण्याचा पाइप येतो त्यावर पितळी गेट व्हॉल्व्ह असतो, वर गोल लाल चाक. आमचं चाक मोकळं फिरायचं, त्यामुळे पाहणाऱ्याला तो उघडाच वाटायचा. या व्हॉल्व्हच्या आत एक पितळी पाचर असते, चाक फिरवलं की ती वरखाली सरकते. वर्षानुवर्षं कुणी चाकाला हात लावला नाही की पाचर क्षाराने घट्ट बसते, आणि पुढे कधी जोर लावून फिरवलं तर दांड्यापासून सुटून खालीच राहते. मग चाक उघडं आणि वाट बंद. चांगलं चाक दोन्ही टोकांना अडतं. आमचं कुठेच अडत नव्हतं, नुसतं फिरत होतं, आणि पंप विकणाऱ्याने ते फिरवूनच पाहिलं नव्हतं. व्हॉल्व्ह काढल्यावर मी तो खिडकीशी उजेडात धरला. २२ मिलिमीटरच्या पाइपात पाचर वरून बरीच खाली आलेली, तिच्या कडेला मळकट पांढरा थर, आणि खाली चंद्रकोरीसारखी नखाएवढी फट. घरातलं सगळं गरम पाणी त्या फटीतून वाट काढत होतं.

त्या जागी फुल-बोअर लिव्हर व्हॉल्व्ह बसवला. सरळ दांडा असतो. पाइपाच्या रेषेत असला की उघडा, आडवा असला की बंद, आणि उघडल्यावर आतून पूर्ण पाइपाएवढी वाट मिळते. त्याची किंमत पंपापुढे काहीच नव्हती. हे काम मात्र प्लंबरकडूनच करून घ्या. टाकी रिकामी करावी लागते, सिलिंडरचं पाणी खालच्या ड्रेन कॉकमधून सोडावं लागतं, आणि त्याआधी बॉयलर व इमर्शन हीटर दोन्ही बंद हवेत. पाणी नसताना इमर्शन चालू राहिला तर जळतो.

तुमचं फुरफुरणंही याच दोषाशी जुळतं, म्हणून माझा पहिला संशय तिथेच. सिलिंडरच्या माथ्यावरून एक पाइप वर जाऊन लॉफ्टच्या टाकीवर वाकून उघडा ठेवलेला असतो. सिलिंडरला खालून पाणी कमी पोचतंय आणि पंप वरून जोराने ओढतोय, असं झालं की या उघड्या पाइपातली पाण्याची पातळी उतरते आणि पंप तिथून हवा ओढू लागतो. आधी धार बरी, मग फुरफुर, मग पंपाचा चढा आवाज. पंप जितका मोठा तितकं हे लवकर होतं. आमच्या नव्या पंपाने नेमकं तेच केलं.

हवेचं दुसरं कारण म्हणजे तापणारं पाणी स्वतःच बुडबुडे सोडतं आणि ते सिलिंडरच्या माथ्याशी जमतात. म्हणून पंपाची गरम लाइन थेट माथ्यावरच्या पाइपातून न घेता एसेक्स किंवा सरे फ्लँज (सिलिंडरला बसणारा खास जोड) लावून वेगळी घेतात. तुमच्याकडे तो आहे का ते प्लंबरला विचारा.

सिलिंडरचा थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवा. त्याहून फार वर गेला तर हवा वाढते आणि पंपाची सीलं खराब होतात. खाली नेला तर साठलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढण्याचा धोका असतो, आणि धारही बारीक होते. ही धारेची गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून जरा मांडून सांगते. हिवाळ्यात गार पाणी १० अंशांचं धरा आणि अंघोळीला ४० अंश हवंय. सिलिंडर ६० अंशांवर असेल तर मिश्रणात गरम पाणी ६० टक्के लागतं. तोच ४५ वर असेल तर ८६ टक्के. म्हणजे शॉवर गार बाजू जवळपास बंद करतो आणि सगळी धार त्या अडलेल्या गरम पाइपावर येऊन पडते. उन्हाळ्यात जेमतेम चालणारा शॉवर थंडीत रडतो तो यामुळेच.

आता टबचा नळ जोरात निघाला तर. शॉवरच्या डब्याला पाणी जिथे आत येतं तिथे नखाएवढी जाळी असते. गरम बाजूची काढून बघा. वाळूसारखे पांढरे कण, तांब्याचा कीस, टाकीतला गाळ असं काहीही निघतं. लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवली की स्वच्छ होते. डबा उघडण्याआधी वीज छताला लटकणाऱ्या स्विचच्या दोरीवरून नव्हे, फ्यूज बोर्डावरून बंद करा, पाणीही बंद करा, आणि टबच्या भोकात बोळा घाला, नाहीतर स्क्रू गेलाच म्हणून समजा. जाळीच्या अलीकडे छोटा सर्व्हिस व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या स्क्रूची खाच पाइपाच्या रेषेत हवी. पंप वेगळा, कपाटात असेल तर त्याच्या गरम बाजूची लवचिक नळी हाताने चाचपा. बाहेरचं स्टीलचं विणकाम धड दिसतं, पण आतलं रबर उष्णतेने फुगून वाट अडवतं, किंवा नळीच मुडपलेली असते. हे सगळं ठीक निघालं तर मग मिक्सरचं कार्ट्रिज (गरम-गार मिसळणारा आतला भाग), त्यातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारा) आणि सगळ्यांत शेवटी पंपाची गरम बाजू.

आणखी एक. कुणी सुचवेल की पंप सरळ रस्त्यावरच्या लाइनला जोडा, जोरच जोर. तसं करू नका. मिनिटाला १२ लिटरपेक्षा जास्त ओढणारा पंप त्या लाइनला जोडायचा असेल तर आधी पाणी कंपनीला कळवावं लागतं, १९९९ च्या वॉटर फिटिंग्ज नियमांप्रमाणे. कॉम्बी बॉयलर (टाकी-सिलिंडरशिवाय लाइनचं पाणी लगेच तापवणारा) असलेल्या घरात तर पॉवर शॉवर लावायचाच नाही. हे वाचणारं कुणी भाड्याच्या घरात असेल तर यातलं काही स्वतः करू नका. इंग्लंडमध्ये पाण्याची आणि पाणी तापवण्याची व्यवस्था चालू ठेवणं, १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या कलम ११ नुसार, सहसा घरमालकाकडेच असतं. त्याला लेखी कळवा.

तुम्ही उद्या सकाळी एवढं करा: टबच्या गरम नळाखाली बादली लावून किती सेकंद लागतात ते मोजा, आणि सिलिंडरच्या बुडाशी लाल चाक असेल तर ते हलक्या हाताने फिरवून दोन्ही टोकांना अडतं का बघा. अगदी घट्ट असेल तर जोर लावू नका, तसंच राहू द्या. दोन्ही उत्तरं मला कळवा आणि तोवर त्या प्लंबरला थांबायला सांगा.