रुग्णाचा फोटो, डॉक्टरांचा फोन

गाव बदलते, रुग्णाच्या गोपनीयतेबद्दलचे प्रश्न तेच येतात. म्हणून या वेळी एकत्र उत्तरे.

रुग्णाने स्वतःच व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट पाठवून सल्ला मागितला. वेगळी संमती घ्यावी का? (फिजिशियन, सांगली)

नाही. मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन (फोन-इंटरनेटवरून वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक सूचनांनुसार सुरुवात रुग्णाने केली तर संमती गृहीत धरतात. तुम्ही केलीत तर स्पष्ट घ्यावी लागते.

तालुक्यातल्या डॉक्टरांच्या ग्रुपवर अवघड केस टाकतो. नाव कापतो, डोळ्यांवर काळी पट्टी लावतो. एवढे पुरे ना? (त्वचारोगतज्ज्ञ)

पुरे नाही, आणि हे सांगून माझा घसा बसला आहे. डोळे झाकले तरी हातावरचे गोंदण दिसते, जुना व्रण दिसतो. खाली तुम्हीच लिहिता, ‘वय 34, अमक्या वाडीची अंगणवाडी सेविका’. त्या वाडीत अंगणवाडी एकच असते! एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव, सोनोग्राफीच्या प्रिंटवर नाव, वय, तारीख. ग्रुपमध्ये लॅबवाला आणि औषध कंपनीचा प्रतिनिधी कधी शिरला, ते आजच बघा. ‘एन्क्रिप्टेड आहे हो,’ असे सगळे ऐकीव सांगतात. ते कुलूप वाटेपुरते. फोटो पोहोचला की गॅलरीत उतरतो, गॅलरीतून क्लाउडवर जातो, आणि रविवारी तोच फोन मुलांच्या हातात असतो.

वैद्यकीय परिषदेची 2002 ची नियमावली ओळख पटेल असा फोटो परवानगीशिवाय छापू देत नाही आणि रुग्णाचे गुपित फोडायला मोजकेच अपवाद ठेवते. ‘ग्रुपवर विचारले’ हा त्यात नाही. दुसरे मत हवे तर रुग्णाला विचारून एकाच तज्ज्ञाला, लागेल तेवढाच भाग पाठवा. फोटो केसपेपरला जोडा, गॅलरीतून काढा. एचआयव्ही, मानसिक आजार आणि गर्भपात यांना तर वेगळे कायदे आहेत. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचे नाव फोडल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. या केसेस ग्रुपवर नकोतच. शंका असेल तर आधी वकिलाला विचारा.

मार्केटिंगवाला म्हणतो, ऑपरेशनच्या फॉर्मवर सही आहे, रील टाकू. (प्लास्टिक सर्जन, पुणे)

ती सही ऑपरेशनची आहे. बिलात सूट देऊन मिळवलेली संमतीही मला संमती वाटत नाही. शिवाय रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करायला त्याच नियमावलीत मनाई आहे. चौकशी लागली तर नोंदणी तुमची जाईल, मार्केटिंगवाल्याची नव्हे.

तपासणीच्या खोलीत सुरक्षेसाठी सीसीटीव्ही चालेल का?

आज काढा. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या प्रसूतिगृहातल्या तपासणीचे चित्रण टेलिग्रामवर विकले जात असल्याचे उघड झाले. अटक झालेल्यांत आपल्या लातूर-सांगलीकडचेही होते. कॅमेरा जिन्यात लावा, बिलाच्या खिडकीवर लावा. पासवर्ड कंपनीने दिलेलाच असेल तर तोही आजच बदला.

नातेवाईक माझे बोलणे चोरून रेकॉर्ड करतात. फोन काढून घेऊ?

हात लावू नका. शेजारच्या खाटेवरचा रुग्ण चित्रात येत असेल तर मात्र तिथेच थांबवा. बाकी वकिलाशी बोला.

आंतररुग्ण म्हणून घेतलेल्या उपचारांचे कागद मागितले, तर रुग्णालयाने ‘प्रायव्हसी’ म्हणून नाकारले. (एक रुग्ण)

प्रायव्हसी तुमची, त्यांची नव्हे. लेखी मागा, 72 तासांत द्यावे लागतात.

तीन आठवड्यांपूर्वी रुग्णाचा रिपोर्ट चुकीच्या नंबरवर गेला. काही होईपर्यंत थांबावे का?

तीन आठवडे कशाची वाट पाहिलीत? ‘सगळ्यांसाठी डिलीट’ची मुदत केव्हाच संपली. ज्याच्याकडे गेला त्याला पुसायला सांगा, रुग्णाला कळवा, तारखेसह नोंद करा. आणि नोटीस यायच्या आधी, म्हणजे उद्याच, वकील व तुमचा व्यावसायिक विमा असलेली कंपनी दोघांनाही गाठा.