हायपॉक्सिया (ऑक्सिजनची कमतरता) आणि बोन मॅरो सेल्सवर (अस्थिमज्जेतल्या पेशींवर) नवीन काम सुरू करतोयस? मग हे वाच

अरे पहिल्याच आठवड्यात घाबरू नकोस, आधी एवढं पक्कं डोक्यात बसव की ऑक्सिजन रक्तवाहिनीपासून जेमतेम 100 ते 200 मायक्रॉनपर्यंतच झिरपतो, ट्यूमर वाढला की त्यापुढच्या पेशी गुदमरायला लागतात, आणि मग एचआयएफ-1 अल्फा हे प्रोटीन, जे एरवी काही मिनिटांत नष्ट होतं, ते टिकून राहतं आणि व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रोटीन), एसडीएफ-1 (पेशींना बोलावणारं प्रोटीन) वगैरे वाढवतं. एसडीएफ-1 ची हाक बोन मॅरोतून आलेल्या, सीएक्ससीआर-4 (एसडीएफ-1 ओळखणारा रिसेप्टर) असलेल्या पेशींना ऐकू जाते, त्या येऊन ट्यूमरमध्ये बसतात.

इथेच बरेच जण चुकतात. त्यांना वाटतं या पेशी स्वतःच रक्तवाहिन्या बनतात. पण त्यातल्या बऱ्याचशा मोनोसाइट-मॅक्रोफेज जातीच्या असतात रे, त्या एमएमपी-9 हे एन्झाइम सोडतात, ते मॅट्रिक्स (पेशींभोवतीचं जाळं) तोडतं, त्यामुळे त्यात अडकलेलं व्हीईजीएफ मोकळं होतं आणि शेजारच्या जुन्या वाहिन्यांना फांद्या फुटतात. मला तर हाच भाग सगळ्यात भारी वाटतो.

आता प्रॅक्टिकल. हायपॉक्सिया चेंबर (ऑक्सिजन कमी ठेवणारी पेटी) 1% ऑक्सिजनवर लावला म्हणजे पेशींना लगेच 1% मिळाला असं नाही, मीडियम (पेशी वाढवायचं द्रव) आदल्या रात्रीच आत ठेव. वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रोटीन तपासायची चाचणी) पेशींची प्लेट बाहेर काढलीस की लगेच बर्फावर लाइज कर (पेशी फोड), हवा लागली की एचआयएफ भराभर जातं, माझे तीन आठवडे असेच वाया गेलेत. आणि हो, हवेतल्या 21% ऑक्सिजनला नॉर्मल समजू नकोस, बोन मॅरोत मुळातच ऑक्सिजन खूप कमी असतो, म्हणून 5% चा एक कंट्रोल ठेवच.