ओआरएसमध्ये साखर कशाला? पेशीच्या दारांबद्दल वाचकांचे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की जुलाब-उलट्यांचे प्रश्न येतातच. यावेळी आलेल्यांपैकी चार घेतलेत, कारण चौघांनीही फिरून फिरून एकच गोष्ट विचारलीय, पेशीच्या आत काय जाऊ द्यायचं आणि काय नाही हे ठरतं कसं.

प्रश्न : माझ्या ४ वर्षांच्या मुलाला जुलाब लागले तेव्हा डॉक्टरांनी ओआरएस लिहून दिलं. सासूबाईंचं म्हणणं की जुलाबात साखर द्यायची नाही, नुसतं मीठ-पाणी किंवा पेज द्यायची. पाकिटातलं ग्लुकोज चवीसाठी असतं की ताकदीसाठी? ते कमी केलं तर चालेल का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, ते चवीसाठीही नाही आणि ताकदीसाठीही नाही. ते मीठ आत नेण्यासाठी आहे, आणि हे एकदा नीट कळलं की त्या मापाशी कोणी खेळणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आतड्याला आतून पेशींचा एकच थर असतो आणि प्रत्येक पेशीभोवती पेशीपटल असतं. हे पटल म्हणजे स्निग्ध पदार्थाचा दुपदरी पापुद्रा, जाडी मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड त्यातून आरामात आरपार जातात पण मिठातलं सोडियम आणि ग्लुकोज पडले पाण्यात विरघळणारे, त्यांना हा तेलकट थर ओलांडता येत नाही, मग त्यांच्यासाठी पटलात प्रोटीनची दारं बसवलेली असतात आणि प्रत्येक दाराची आपापली अट असते. आतड्यातल्या एका दाराचं नाव एसजीएलटी-१. त्याची अट अशी की २ सोडियम आणि १ ग्लुकोज एकत्र आले तरच आत घेणार. नुसतं मीठ आलं तर हे दार हलत नाही, नुसती साखर आली तरी नाही.

बरं, या दाराला जोर कुठून मिळतो? पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप असतो, तो दर फेरीला ३ सोडियम बाहेर फेकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो, त्यासाठी पेशी स्वतःची ऊर्जा खर्च करते. हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये दाखवला, नोबेल मिळालं १९९७ मध्ये, म्हणजे ४० वर्षांनी! पंप सतत चालू असल्यामुळे पेशीच्या आत सोडियम कायम कमी, बाहेरच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकंच, त्यामुळे बाहेरच्या सोडियमचा ओढा सारखा आतच असतो आणि जाताना ते ग्लुकोजलाही सोबत ओढतं. दोघं आत गेले की परासरणाने, म्हणजे पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पाणी ओढलं जातं त्या नियमाने, पाणी त्यांच्या मागोमाग जातं. आपल्याला हवं असतं ते हे पाणीच.

म्हणून प्रमाण महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रात १ लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. ग्लुकोज कमी केलंत तर सोडियमला सोबती मिळणार नाही. आणि पोरगं पीत नाही म्हणून वरून दोन चमचे साखर घातलीत तर आतड्यातलं द्रावण इतकं दाट होतं की उलट शरीरातलंच पाणी आतड्यात खेचलं जातं आणि जुलाब वाढतात. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकणं हाही प्रकार खूप चालतो, तोही नको. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच मोजून घ्या आणि केलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर फेकून द्या. एकदम ग्लासभर पाजलं की पोर उलटी करतं, त्यापेक्षा चमच्या-चमच्याने द्या, मध्ये उलटी झालीच तर १० मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा.

आणि पेजेबद्दल सासूबाईंचं अगदी बरोबर आहे हो! भाताच्या स्टार्चचं पोटात हळूहळू ग्लुकोज होतं, म्हणजे मीठ घातलेल्या पेजेत दाराला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी आल्या आणि द्रावणही दाट होत नाही. ओआरएसच्या जोडीला जरूर द्या. फक्त नुसत्या मीठ-पाण्यावर ठेवू नका.

प्रश्न : कॉलऱ्यात आतडंच बिघडलेलं असतं ना, मग प्यायलेलं पाणी शोषलं कसं जातं? आणि जंतू पेशीच्या बाहेर असतो तर आत गडबड कशी करतो? — बीएस्सीचा विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : भावा, प्रश्न एक नंबर आहे. पहिली गोष्ट, कॉलऱ्यात आतड्याच्या पेशी फाटत नाहीत की मरत नाहीत. त्यांना खोटा सिग्नल दिला जातो आणि त्या बिचाऱ्या तो इमानदारीत पाळत बसतात.

हे कळण्यामागे कोलकात्याचे शंभुनाथ डे आहेत. त्यांनी सशाच्या आतड्याचा छोटा भाग दोन्हीकडून बांधून त्यात जंतू घालून पाहिले आणि मग १९५९ मध्ये जंतू गाळून काढलेलं नुसतं द्रावण घातलं तरी आतडं पाण्याने टम्म फुगतं हे दाखवलं. म्हणजे काम जंतूने सोडलेल्या विषाचं आहे. साध्या सामानावर केलेला इतका नेमका प्रयोग आणि त्या माणसाचं नाव आपल्याकडे कॉलेजच्या पोरांनाही माहीत नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता विष करतं काय ते बघ. त्याचे ५ भाग पेशीपटलावरच्या जीएम-१ नावाच्या रेणूला पकडतात आणि सहावा भाग आत शिरतो. पटलाच्या आतल्या अंगाला जी-प्रोटीन असतं, बाहेरून आलेला निरोप आत पोचवणं हे त्याचं काम. एरवी ते चालू होतं, निरोप देतं आणि स्वतःच बंद होतं. विष त्याच्यावर असा रासायनिक बदल करतं की त्याचं बंद होणंच थांबतं. मग सायक्लिक एएमपी नावाचा रेणू बेसुमार तयार होतो, त्याने सीएफटीआर नावाचं क्लोराइडचं (मिठातल्या दुसऱ्या घटकाचं) दार सताड उघडं राहतं, क्लोराइड आतड्यात ओतलं जातं, त्याच्यामागे सोडियम, त्याच्यामागे पाणी. मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं, म्हणून तर काही तासांत माणूस जातो. शिवाय मीठ एकट्याने आत घेण्याचा जो नेहमीचा मार्ग असतो तोही याच सायक्लिक एएमपीमुळे मंदावतो, त्यामुळे नुसतं मीठ-पाणी पाजून भागत नाही.

पण एसजीएलटी-१ या सगळ्यातून वाचतं. विषाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात ही कल्पना जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली होती, तेव्हा ती निव्वळ पेशीशास्त्राची गोष्ट होती. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महलानबीस यांनी १ लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असं मिश्रण पाकिटात भरून घेतलं, नळ बसवलेल्या ड्रममध्ये कालवलं आणि पेशंटच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ३.६ टक्क्यांवर आलं. त्या वेळी बरेच डॉक्टर हे मानायलाच तयार नव्हते. महलानबीस २०२२ मध्ये गेले आणि पद्मविभूषण २०२३ मध्ये मरणोत्तर मिळालं, जे कितीतरी आधी मिळायला हवं होतं.

एक लक्षात ठेव, ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत. क्लोराइडचं दार उघडंच असतं, आपण फक्त दुसऱ्या दाराने पाणी आत घेत राहतो, तोवर आतड्याचा जुना थर झडून नवीन पेशी येतात आणि विषाचा असर संपतो. जुलाब चालूच आहेत म्हणून घरचे ओआरएस बंद करतात ना, तिथेच घात होतो.

प्रश्न : मला डायबिटीस आहे. डॉक्टरांनी डॅपाग्लिफ्लोझिन सुरू केली, आता लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर खूप दाखवतेय. किडनी खराब होतेय का? आणि मला जुलाब झाले तर ओआरएस घेऊ का? — एक वाचक, सांगली

उत्तर : काका, घाबरू नका, ते त्या गोळीचंच काम आहे. किडनी दिवसाला साधारण १८० ग्रॅम ग्लुकोज गाळते आणि जवळपास सगळं परत घेते, त्यातलं बहुतेक एसजीएलटी-२ या दारातून, वर सांगितलेल्या दाराचंच भावंड. गोळी ते दार अडवते म्हणून साखर लघवीतून जाते. हिचा मूळ पुरुष म्हणजे सफरचंदाच्या झाडाच्या सालीत १८३५ मध्ये सापडलेली फ्लोरिझिन, पण ती आतड्यातलं दारही अडवायची म्हणून औषध होऊ शकली नाही, नुसतं किडनीचं दार अडवणारा रेणू बनवायला पुढे दीडशेहून जास्त वर्षं गेली. साखर जाते म्हणून लघवीच्या जागी बुरशीचा त्रास होऊ शकतो, स्वच्छता सांभाळा.

इन्सुलिनची तऱ्हा वेगळी. त्याला कामासाठी पेशीत शिरावं लागत नाही, ते पटलावरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रोटीनला, बसतं, आत निरोप जातो आणि स्नायूंच्या पेशीत आतमध्ये पडून असलेली ग्लुट-४ नावाची दारं पटलावर येऊन बसतात. टाइप-२ डायबिटीसमध्ये हा निरोप धड पोचत नाही. पण स्नायू हलले की हीच दारं इन्सुलिनशिवायही वर येतात, म्हणून जेवल्यावर चालायला जा असं डॉक्टर सांगतात ते उगाच नाही.

जुलाब झाले तर ओआरएस जरूर घ्या. लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोजपेक्षा अंगातलं पाणी आटणं जास्त धोक्याचं आहे. साखर मात्र तपासत राहा. आणि जेवण जात नाहीये, उलट्या होतायत अशा दिवशी ही गोळी चालू ठेवायची की काही दिवस बंद करायची हे डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून विचारा, कारण त्या अवस्थेत या गोळीने रक्तात ॲसिड वाढू शकतं, आणि कधीकधी साखर फारशी वाढलेली नसतानाही.

प्रश्न : ओआरएसऐवजी कोल्ड्रिंक, नारळपाणी किंवा मेडिकलमधलं टेट्रापॅक चालेल का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : कोल्ड्रिंक नको, त्यात १०० मिलिला १० ग्रॅमच्या आसपास साखर म्हणजे ओआरएसच्या सात-आठ पट, आणि मीठ जवळपास नाहीच. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, सोबत म्हणून ठीक. टेट्रापॅक घेताना मागचं लेबल वाचा, नावात ओआरएस आणि आत गोड पाणी असली पेयं वर्षानुवर्षं विकली गेली, शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने त्या नावाला मनाई केली. पाकीट मिळालंच नाही तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका. लहान मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, ६-८ तास लघवी झाली नाही किंवा शौचात रक्त दिसलं तर घरी पाजत बसू नका, दवाखाना गाठा आणि रस्त्यातही ओआरएस देत राहा.